जेवायला कुठं बसवणार?

गेल्या वर्षी मार्चमध्ये मला पुण्याहून एक फोन आला. लग्नांचे इव्हेंट करणाऱ्या एका कंपनीतली मुलगी बोलत होती. इन्स्टावर तिनं माझं एक रील बघितलं होतं. कुंडलच्या कुस्ती मैदानात माझे चुलते हलगी वाजवतायत, शेजारी घुमकं आणि कैताळ, मागं लाल माती आणि सलामीला उभे दोन पैलवान. चाळीस सेकंदांचं रील. लाखाच्या वर लोकांनी बघितलेलं.

"आम्हाला असंच रॉ पाहिजे," ती म्हणाली. "डीजे आहेच, पण वरातीत एकदम गावाकडची हलगी हवीय क्लायंटला. तीन माणसं, दोन तास, वीस हजार. गाडीभाडं वेगळं. ड्रेस आमचा."

वीस हजार ऐकून मी लगेच गाडी काढली. तात्या, म्हणजे माझे चुलते, पलूसच्या बाहेर एका बागेत द्राक्षं काढायला गेले होते. उलट्या क्रेटवर बसून पाणी पीत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. मला वाटलं, आधी विचारतील, इसार किती देणार?

त्यांनी विचारलं, "जेवायला कुठं बसवणार हायत?"

मी हसलो. म्हटलं, "तात्या, पुण्यातलं लग्न आहे. मोठं हॉटेल आहे."

"हॉटेल असू दे की. आपल्याला कुठं बसवणार?"

ते हसत नव्हते. मी घरी आलो, पण प्रश्न काही डोक्यातनं गेला नाही.

आम्ही मातंग. हलगी आमच्या घरात किती पिढ्या आहे ते कुणालाच सांगता येत नाही. माझ्या आबांच्या लहानपणी ती गावकीची होती. लग्न असो, पालखी असो, दवंडी असो की मयत, गावानं निरोप धाडायचा आणि आमच्या माणसांनी जायचं. मोबदला ठरलेला नसायचा. सुगीला खळ्यावर बलुतं मिळायचं, देणाऱ्याच्या मनात येईल तेवढं. नाही म्हणायची सोय नव्हती. लग्नात शेवटची पंगत उठली की उरलेलं अन्न मांडवाबाहेर मिळायचं. बुंदी, भात, चपातीचे तुकडे, सगळं एकाच फडक्यात बांधून घरी. आज्जी सांगायची, "मला बरीच वर्षं वाटायचं, बुंदीला भाताचीच चव असती."

आबा तरुणपणी वाडीला फौंड्रीत लागले. वाडी म्हणजे किर्लोस्करवाडी; आमच्याकडं पुढचं नाव कुणी घेत नाही. पहिला पगार झाला त्या दिवशी त्यांनी हलगी आढ्याला टांगली. "लोखंड बडवीन, त्याचा पगार मिळतो. कातडं बडवून तुकडा मागणार न्हाय," असं म्हणाले आणि मरेपर्यंत त्यांनी हलगीला हात लावला नाही. धाकटा मुलगा, म्हणजे तात्या, गल्लीतल्या एका म्हाताऱ्याकडं चोरून शिकला. आबांना कळलं तेव्हा ते दोन वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाऊन.

शाळेत असताना मला आबा बरोबर वाटायचे. सांगलीला कॉलेजात गेल्यावर 'लोककला', 'वारसा' असले शब्द कानावर पडले आणि तात्या बरोबर वाटायला लागले. त्याच वर्षांत मी मित्रांबरोबर एका अभ्यासमंडळात जायला लागलो. तिथं कुठल्याही गाण्याबद्दल, सिनेमाबद्दल आधी तीन गोष्टी विचारायची सवय होती. हे कुणी केलं? हत्यारं कुणाच्या मालकीची? पैसा कुणाकडं गेला? मला तेव्हा ते रुक्ष वाटायचं. गाणं ऐकायचं सोडून हिशेब कसले करता?

खरं सांगायचं तर मार्क्सचं जाडजूड पुस्तक मी चाळीस पानांच्या पुढं वाचलेलं नाही. पण तात्यांची वही वाचलीय.

लाल पुठ्ठ्याची लांबडी वही आहे. त्यात सुपारीची तारीख, गाव, इसार, बाकी आणि शेवटी वाटे. तीन माणसं वाजवायला गेली तर वाटे चार पडतात. तिघांचे तीन आणि चौथा साजाचा. हलगी, घुमकं, कैताळ ज्याचं, त्याला तो वाटा. कातडं फाटलं, कडी तुटली तर त्यानंच बघायचं. पूर्वी साज दुसऱ्याचा होता. तेव्हा तात्या एक वाटा घेऊन घरी यायचे आणि साजवाला न वाजवता तेवढाच वाटा घेऊन झोपायचा. तात्यांनी उसाच्या तोडीचे पैसे साठवून साज घेतला त्या दिवसाच्या पानावर फक्त एक ओळ आहे, 'आजपासून साज आपला.' अभ्यासमंडळात ज्याला उत्पादनाची साधनं म्हणायचे ते मला त्या ओळीनं समजावलं.

वहीत एक गोष्ट मात्र कुठंच नाही. जेवायला कुठं बसवलं.

तात्यांना पडलेला हा प्रश्न आमच्याच गावाचं नाव लावणाऱ्या एका फार मोठ्या माणसालाही पडला होता. विष्णू दिगंबर पलुसकर. घराण्याचं मूळ आडनाव गाडगीळ. पलूसचे म्हणून पलुसकर. जन्म कुरुंदवाडचा, १८७२ चा. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकायला ठेवलं. मिरजेचे संस्थानिक त्यांची काळजी घेत. एका समारंभाचं आमंत्रण विष्णूबुवांना आलं, पण त्यांच्या गुरूंना आलं नाही. कारण विचारल्यावर उत्तर मिळालं ते अशा अर्थाचं की ते काय, गवई आहेत. गवयाला मानाच्या माणसांत कसं बसवायचं? १८९६ मध्ये विष्णूबुवांनी मिरज सोडली, त्यामागं ही गोष्ट सांगितली जाते.

पुढं त्यांनी जे केलं ते मोठंच आहे. दरबाराचा आश्रय सोडून तिकीट लावून जाहीर जलसे केले. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. फी, वर्ग, क्रमिक पुस्तकं, परीक्षा. लोकांच्या पैशावर चालणारी गाण्याची शाळा. गवई हा महाराजांच्या मर्जीवर जगणारा माणूस राहिला नाही, मास्तर झाला, पंडित झाला. ज्या घरांत गाणं म्हणजे बदनामी समजत होते त्या घरांतल्या मुली पेटी घेऊन बसायला लागल्या.

पलूसचा मुलगा म्हणून मला याचा अभिमान वाटतो. पण हिशेबाची सवय लागली की अभिमानाचाही हिशेब होतो. गवयाला मानाच्या पंगतीत बसवताना त्या पंगतीचे नियम तसेच राहिले. गाणं भजनाच्या वाटेनं सोवळं झालं, म्हणून ते चालून गेलं. वर्गात गायन आलं, तबला-पेटी आली. हलगी आली नाही. ती शिकवायला मास्तर लागेल आणि तो मास्तर आमच्या गल्लीतनं आणावा लागेल, असा विचारच कुणाच्या मनात येण्यासारखा नव्हता. आमच्याच तालुक्यात कृष्णाकाठी नागठाणे आहे, बालगंधर्वांचं गाव म्हणून ओळखलं जाणारं. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ होते, हे आजही नाव घेऊन सांगतात. त्याच काळात आमच्या गावाच्या जत्रेत हलगीला कोण होतं? 'मांगवाड्यातली माणसं' होती. वादकाला नाव असणं हीसुद्धा एक पंगत आहे.

दुसरं उत्तर कुंडलचं. पलूसहून गाडीवर दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं, त्याचं मोठं ठाणं कुंडल. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊंची तुफान सेना इथलीच. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ त्यांनी रेल्वे अडवून ब्रिटिशांचा पगाराचा पैसा लुटला. शाळेत आम्हाला एवढंच शिकवलं.

पण हे सरकार गाण्या-नाटकावरही चालत होतं. शाहीर शंकरराव निकमांसारख्यांचे पोवाडे गावोगाव व्हायचे आणि ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं त्यांना त्यातून बातमी कळायची. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी तर भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर चक्क नाटक केलं होतं. नवरा बायकोला मारतोय, बायको आरडाओरडा करतेय. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि इकडं साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या. म्हातारपणी त्या सांगायच्या की नवरा झालेल्या सहकाऱ्यानं भांडण खरं वाटावं म्हणून खरंच फार मारलं. या प्रयोगाचं ना तिकीट होतं ना परीक्षण. तरी आमच्या भागातला सर्वांत यशस्वी प्रयोग कुठला असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन.

प्रतिसरकारनं गांधी विवाह सुरू केले. वरात, मानपान, जेवणावळी यांना फाटा. थोडक्यात लग्न. सावकाराचं कर्ज काढून पोरीचं लग्न करणाऱ्या शेतकऱ्याचा जीव त्यानं वाचला. आमच्या घराच्या बाजूनं बघितलं तर लग्नाची वरात गेली म्हणजे हलगीही गेली. पण फडक्यातला भातही गेला. आबांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, चांगलंच झालं. तात्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग वाजवणाऱ्यांनी काय करायचं हुतं, ते बी सरकारनं ठरवलं का?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. चळवळी खर्च कमी करतात तेव्हा तो खर्च कुणाची तरी मजुरी असते, हे लक्षात राहायला घरात एक वाजवणारा लागतो.

तिसरं उत्तर वाटेगावचं. आमच्या शेजारच्या वाळवा तालुक्यातलं हे गाव. १ ऑगस्ट १९२० ला तुकाराम भाऊराव साठे तिथं जन्मले. आम्ही त्यांना अण्णा भाऊ म्हणतो. जात आमचीच. शाळा दीड दिवसाची. लहानपणी आईबापांबरोबर पायी मुंबईला गेले, कोळसे उचलले, गिरणीत काम केलं, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिले आणि कम्युनिस्ट झाले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लालबावटा कलापथक उभं केलं.

अण्णा भाऊंना तमाशा घरातनंच माहीत होता. तमाशा सुरू होतो गणानं, म्हणजे गणपतीच्या वंदनानं. मग गौळण, मग वग. अण्णा भाऊंनी गणपतीच्या जागी मातृभूमीला, हुतात्म्यांना, कष्टकऱ्यांना वंदन करायला सुरुवात केली आणि गौळण काढून टाकली. ढोलकी ठेवली. तुणतुणं ठेवलं. सोंगाड्याची थट्टा ठेवली, फक्त ती आता सावकाराची आणि मालकाची व्हायला लागली. सरकारला हे इतकं झोंबलं की कलापथकावर बंदी आली. मग त्याच खेळाला लोकनाट्य म्हणायला लागले.

माझ्या आबांनी वाद्य सोडलं. पलुसकरांनी वाजवणाऱ्याला सोवळं नेसवून आत नेलं. अण्णा भाऊंनी वाद्यही ठेवलं आणि वाजवणाऱ्याला आहे तसाच ठेवला. बदललं ते एवढंच की हे वाद्य आता कुणापुढं वाकणार. १९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याच्या उद्घाटनालाही ते हेच सांगत होते की हे जग राबणाऱ्यांच्या हातांवर उभं आहे. ज्याच्या हातावर जग उभं आहे त्याच्या हातात हलगी असली म्हणून तो कमी होत नाही, असं मी त्यातून घेतलं.

पण त्यांचाही हिशेब बघावा लागतो. 'फकिरा' १९५९ मध्ये आली, तिला राज्य शासनाचं बक्षीस मिळालं. कादंबऱ्यांवर सिनेमे निघाले. लिहिणारा माणूस घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिला आणि १८ जुलै १९६९ ला हलाखीत गेला. २००२ मध्ये त्यांचं टपाल तिकीट निघालं. २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा उभा राहिला. साजाचा वाटा नेहमी कुणीतरी दुसराच घेऊन गेला.

आता आमच्या गल्लीतल्या जयंतीचं सांगतो. पुण्याचा फोन यायच्या आदल्या वर्षीचं. जुलैत बैठक बसली. वर्गणी ठरली आणि डॉल्बी ठरला. मी उभा राहून भाषण केलं. अण्णा भाऊ शाहीर होते, त्यांच्या जयंतीला डॉल्बीची भिंत कशाला? आपल्याकडं हलगी आहे, आपली कला आहे, पैसे आपल्याच घरात राहतील. माझ्या मते भाषण बरं झालं होतं.

एमआयडीसीत हेल्पर असलेला एक विशीतला पोरगा उठला. "दादा, सगळ्यांच्या मिरवणुकीला डॉल्बी लागतो. आपल्याला हलगी वाजवायला बोलावत्यात. वर्षातनं एक दिवस आपली मिरवणूक. त्या दिवशी बी आपणच वाजवायचं? मग नाचायचं कुणी?"

सगळे हसले. तात्याही हसले. मी खाली बसलो.

त्या दिवशी डॉल्बी लागला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरची भिंत, वर अण्णा भाऊंचा फोटो, हार. तात्यांनी सकाळी फोटोपूजनाला वीस मिनिटं हलगी वाजवली आणि संध्याकाळी पोरांबरोबर ते नाचले. मी कडेला उभा राहून रागावायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. अजय-अतुलचं गाणं लागलं होतं. स्पीकरमधून येणारा ठेका हलगीचाच होता, फक्त तो वाजवणारा घामाघूम न होता वाजत होता. रात्री उशिरा डॉल्बीचा मालक, माझ्याच वयाचा, ट्रॉलीच्या चाकाला टेकून बसला होता. बॉक्सवर कर्ज आहे, जनरेटरवर आहे, सीझन चार महिन्यांचा, पोलिसांनी एकदा बॉक्स उचलून नेले की दोन हप्ते थकतात, असं सांगत होता. बॉक्स उचलायला आणलेली चार पोरं शेजारी वडापाव खात होती. त्यांचा रोज पाचशे.

डॉल्बी संस्कृती बुडवतो म्हणणाऱ्या लेखांशी माझं तेव्हापासून पटत नाही. त्या लेखांत ही चार पोरं नसतात. आणि 'नाचायचं कुणी?' हा प्रश्नही नसतो.

तर पुण्याचा फोन. तात्यांचा प्रश्न मी त्या मुलीला जसाच्या तसा विचारला. ती गोंधळली. मग म्हणाली, "व्हेंडर मील असतं ना. बॉक्स. बेसमेंटला." जरा थांबून म्हणाली, "मीपण तेच खाते."

तात्यांना सांगितलं. ते विचार करत राहिले. "ती बी? मग जाऊ."

मे महिन्यात गेलो. तात्या, घुमक्यावर एक भाऊबंद, कैताळावर त्याचा मुलगा आणि मोबाईल घेऊन मी. आयोजकांनी भगवे फेटे आणि कडक इस्त्रीची धोतरं दिली. तात्या आयुष्यात पँट घालून वाजवत आले होते. धोतर नेसवायला त्यांना यूट्यूब बघणारा एक इव्हेंटचा पोरगा मिळाला. तिघांची नावं माईकवरून सांगा, एवढी एक विनंती मी केली होती. निवेदक म्हणाला, "आता ऐकू या कोल्हापूरची फेमस हलगी!" तात्या माझ्या कानाशी आले, "सांगली तरी म्हणायचं."

हॉटेलात हलगी शेकायला जाळ करू देत नाहीत, म्हणून फायबरची नेली होती. एक जाड टिपरं, एक बारीक काडी. पहिल्या फेरीलाच सूट घातलेले काका घोड्याच्या पुढं नाचायला लागले. तात्या वाजवत होते तेव्हा तिथं ना जात होती ना बेसमेंट होतं, असं लिहायचा मोह होतो. ते खरं नाही. एका बाईंनी नोट ओवाळली आणि तात्यांच्या हातात न देता खाली टाकली. तात्यांनी ती उचलली नाही. कैताळवाल्या पोरानं उचलली.

दहा वाजता आवाज बंद झाला आणि आम्हाला खाली नेलं. पार्किंगच्या एका कोपऱ्यात प्लॅस्टिकची टेबलं होती. फोटोग्राफरची दोन पोरं, मेंदीवाली बाई आणि तिची मुलगी, जनरेटरवाला, दोन बाउन्सर, फुलांची सजावट करणारे बंगाली कारागीर आणि फोनवरची ती मुलगी, बूट काढून पाय चोळत बसलेली. बॉक्समध्ये पुलाव, पनीर आणि एक गुलाबजाम. ती नांदेडकडची निघाली. दोन महिन्यांचा पगार अडकला होता. तात्यांनी पिशवीतलं फडकं सोडलं. काकूनं बांधून दिलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. सगळ्यांनी एकेक तुकडा घेतला. बाउन्सरनं दोन घेतले.

परत येताना गाडीत मी उत्साहानं बोलत होतो. बघा तात्या, राबणारे सगळे एका पंगतीत होते. वर नाचणारे वेगळे, खाली जेवणारे वेगळे. हीच खरी ओळ आहे.

तात्या खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "ओळ हाय, बरोबर. पण नोट खाली कुणापुढं टाकली?"

फोटोग्राफरच्या पोरालाही टीप मिळाली होती. ती पाकिटातून, हातात. कॅमेऱ्याकडं बघून कुणी त्याच्या आजोबांची आठवण काढत नाही. अभ्यासमंडळात आम्ही वर्ग आणि जात यांच्यावर रात्र रात्र वाद घालायचो. साताऱ्याच्या अलीकडं, अंधारात, माझे दोन्ही बाजूंचे मुद्दे संपले. बेसमेंटची पंगत खरी होती आणि खाली पडलेली नोटही खरी होती. एकीचं नाव घेऊन दुसरी खोडता येत नाही, एवढं मला त्या रात्री कळलं. पुढची सुपारी घेताना करारात दोन्ही लिहून घ्यायचं ठरवलंय. नावं माईकवरून सांगायची, पैसे हातात द्यायचे. आणि जेवण कुठं, तेही.

पहाटे पलूसला पोचलो. स्टँडसमोर चहाच्या गाड्यावर तात्यांनी वही काढली. वीस हजार. मी म्हटलं, चार वाटे, पाच-पाच हजार. ते म्हणाले, "पाच वाटे." तिघांचे तीन, साजाचा एक आणि पाचवा?

"मोबाईलचा. ते रील नसतं तर सुपारी आली नसती. हे घे चार हजार."

मी पैसे हातात धरून गप्प बसलो. कारण मोबाईलचा वाटा मी आधीच घेतला होता. ते रील चालल्यावर एका कपड्याच्या दुकानानं मला जाहिरात दिली होती, तीन हजारांची. तात्यांच्या हलगीवर माझं पेज वाढलं, माझ्या पेजवर दुकानाची जाहिरात लागली, पैसे माझ्या खात्यात आले. गेल्या कित्येक महिन्यांत हे त्यांना सांगावं असं मला एकदाही वाटलं नव्हतं. न वाजवता वाटा घेऊन झोपणारा तो जुना साजवाला मला आठवला.

सांगितलं. तात्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चहाचा घोट घेतला, बोटांवर काहीतरी मोजलं.

"ते बी पाचात पडणार. सहाशे तुझं. बाकीचं आमचं."

मी चार हजारांतून द्यायला लागलो तर नको म्हणाले. "हे वेगळं, ते वेगळं. हिशेबात घोळ नको. पुढच्या महिन्यात दे."

मग पेन काढून त्यांनी वहीत लिहिलं. इतकी वर्षं ती वही मी वाचत आलो, पण तिच्यात माझं नाव पहिल्यांदाच आलं. नावापुढं, तात्यांच्या तिरक्या अक्षरात: येणे २४००.